उतरवून घेतलेली आण

तिशीही न गाठलेल्या बाईने स्वतःच्या घडणीविषयी लिहायला बसावे, हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल सुरुवातीलाच क्षमा मागते. ज्यांनी दीर्घ आयुष्य निभावले आणि मगच लेखणी हाती घेतली, त्यांच्या पंगतीत बसण्याची माझी पात्रता नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. फळ्यावरचे समीकरण जुळले की माझे बोलणे संपते, आणि वर्गाबाहेर मला फारसे बोलता येत नाही. आई सांगते, मी बोलायलाच उशिरा लागले; लिहायला तर त्याहून उशिरा लागले आहे. तरीही हे प्रकरण लिहिते, कारण त्यातली एक गोष्ट मला एकटीला उलगडत नाही. गावाचे नाव आणि माणसांची खरी नावे मी टाळली आहेत. ती माणसे अजून तिथेच राहतात, आणि आम्हीही.

सोलापूर शहर जिथे संपते आणि ज्वारीची राने सुरू होतात, तिथे आमचे गाव आहे. अर्धे गाव शेतीत, अर्धे शहरातल्या कारखान्यांत. आमच्या मागच्या गल्लीत चार-दोन घरांनी पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग टाकले होते. त्यांच्या खडखडाटात मी शिकले, झोपले, परीक्षा दिल्या. माग बंद पडले की मला जाग येई. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, शहरातल्या टॉवेलच्या कारखान्यात घडी घालण्याच्या खात्यात होते. विणून आलेला प्रत्येक टॉवेल त्यांच्या हाताखालून जाई, आणि सुटलेला धागा त्यांच्या अंगठ्याला आधी कळे, डोळ्यांना नंतर. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ते शेजारच्याच्या उपरण्याची किनार नकळत चाचपून पाहत. आई त्यांना टोकायची, "सोडा की तो पदर, लोकांचा हाय." सकाळी चुलीवर भाकरी थापण्याचा आवाज, उखळात शेंगदाण्याच्या चटणीचे कांडण, आणि रविवारी देव्हाऱ्यापुढे आप्पांची "येळकोट येळकोट" अशी खणखणीत हाक, एवढ्यावर आमचे घर चालत असे. खंडोबा आमचे कुलदैवत. पितळेच्या डबीत हळदीचा भंडारा भरलेला असे, आणि कामावर निघताना आप्पा त्यातली चिमूट कपाळाला लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. कारखान्यात पांढऱ्या टॉवेलवर हळदीचा डाग पडला तर मुकादम ओरडे. आप्पा फाटकाशी कपाळ पुसत आणि संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा लावत.

देवाइतकीच दुसरी एक निष्ठा त्यांच्याजवळ होती. ती अण्णांवर. अण्णा म्हणजे गावातल्या एका पॅनेलचे पुढारी. आप्पांना कारखान्यात त्यांनीच चिकटवले होते, आणि माझ्या अकरावीच्या प्रवेशासाठी तेच कॉलेजात येऊन बसले होते. दुसऱ्या पॅनेलचे पुढारी सावकार. त्यांचा व्याजबट्ट्याशी काही संबंध नव्हता. कर्नाटकाच्या अंगाला मोठ्या घरातल्या माणसाला तसे म्हणण्याची रीत आहे, एवढेच. दोघेही खंडोबाचे भक्त, दोघांच्याही गळ्यात त्याचाच सोन्याचा टाक. तरीही गावातले सगळे या दोन नावांत विभागलेले होते: पिठाची गिरणी, कीर्तनाचा मंडप, वरातीचा रस्ता. आजार आला तेव्हा तोही विभागला गेला. टाळ्या-थाळ्या वाजवण्याचा जो दिवस आला, त्या दिवशी अण्णांच्या गल्लीने वाजवल्या म्हणून सावकारांच्या गल्लीने दारे लावून घेतली. आप्पा उत्साहाच्या भरात देवाची तळी भरण्याचे तांब्याचे ताट घेऊन अंगणात उभे राहिले आणि पळीने ते बडवू लागले. आई धावत गेली. "अवो, देवाचं ताट हाय ते! स्वयंपाकघरातलं घ्या की!" आप्पा म्हणाले, "रोग बी देवालाच घालवायचाय. त्याचंच ताट बरं." पुढे देवळाला कुलूप लागले. ते उघडावे म्हणून अण्णांच्या लोकांनी दारात बसून घंटा बडवल्या, आणि देव घरात असतो, असे सावकारांचे लोक पारावर बसून सांगू लागले. त्याआधी दरवर्षी जत्रेच्या मानपानावरून भांडताना यांपैकी कोणालाही देव घरात असल्याचे आठवले नव्हते.

पहिली लाट ओसरल्यावर हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि अण्णांचे पॅनेल थोडक्यात पडले. पडले त्या संध्याकाळी जे घडले, ते आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला थोडे समजावून सांगितले पाहिजे. निवडणुकीच्या आधी बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन शपथ घेण्याची रीत आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. मत अमक्यालाच देईन, असे देवासमोर म्हणायचे. मग तो माणूस कोणी फोडू शकत नाही. मात्र त्या संध्याकाळी, हरल्याच्या रागात, अण्णांच्या माणसांनी निवडणूक संपल्यावर भंडारा उचलला. सावकाराच्या उंबऱ्याला शिवणार नाही, त्याच्या दारचे पाणी पिणार नाही, अण्णा स्वतःच्या तोंडाने सोडवतील तोवर. बायकांना अशी आण घालत नाहीत. घरातल्या पुरुषाच्या आणेतच त्या धरलेल्या असतात. आप्पा घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत पिवळा होता. आईने हात धुवायला पाणी दिले. ते नको म्हणाले आणि तसेच जेवले.

आप्पांचा धाकटा चुलतभाऊ, आमचे सुभाषकाका, सावकारांच्या बाजूचे होते. त्या दिवसापासून ते घरात यायचे थांबले. रस्त्यात भेटले तर आईकडे पाहून म्हणत, "वैनी, भाऊला म्हनावं, बोलायला तर शपथ न्हाय ना?" आई पदराआड हसून पुढे जाई.

उन्हाळ्यात दुसरी लाट आली. माग पुन्हा बंद पडले, आणि त्या शांततेत रस्त्यावरून जाणाऱ्या रुग्णवाहिका मोजता येऊ लागल्या. मी मोजल्या नाहीत. आप्पांना आधी ताप आला, मग चवीची तक्रार. आईने हुलग्याचे माडगे करून दिले तर म्हणाले, "गरम पानी प्यायल्यागत लागतंय." तो विनोद समजून आम्ही हसलो. नंतर खोकला आला, आणि बोटाला लावायच्या त्या लहान यंत्रातला आकडा नव्वदीच्या खाली उतरला. त्या आकड्याचा अर्थ घरात मला एकटीला नीट कळत होता. शहरात खाट मिळेना. मी दिवसभर फोन लावत राहिले. फोन उचलणाऱ्यांचे आवाज माझ्यापेक्षा थकलेले असत.

गावात प्राणवायूची सोय एकाच ठिकाणी होती. सावकारांनी हायवेलगतच्या आपल्या मंगल कार्यालयात खाटा टाकल्या होत्या, हवेतून प्राणवायू काढणारी यंत्रे आणली होती आणि शहरातून एक डॉक्टर व दोन परिचारिका बोलावल्या होत्या. अण्णांचे लोक म्हणत, पुढच्या मोठ्या निवडणुकीची पेरणी चालली आहे. असेलही. पण यंत्रे खरी होती. दुपारी सुभाषकाका अंगणाबाहेर येऊन उभे राहिले.

"वैनी, एक खाट रिकामी झालीया. सावकारच म्हनले, भाऊला आना, राजकारन मागनं बघू."

खाट रिकामी कशी झाली, हे आईने विचारले नाही. ती आत आली आणि आप्पांना सांगितले. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. आडवे झाले की दम लागत असे.

"कुनाच्या दारात?"

"दार कुनाचं बी असू द्या, मशीन नाकाला लावत्यात."

"उंबरा शिवावा लागंल की." त्यांना एक वाक्य दोन श्वासांत तोडावे लागत होते. "न्हाय जमत. भंडारा उचललाय."

सुभाषकाका बाहेरून ओरडले, "भाऊ, मी उचलून नेतो. तुझा पाय लागनार न्हाई उंबऱ्याला!"

आप्पा क्षीणसे हसले. "मग पानी बी... तूच पी माझ्या वाटचं."

मी अण्णांकडे गेले. आजवर मी त्यांच्याशी स्वतःहून एक वाक्यही बोललेले नव्हते. वाटेत मी ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा जुळवत होते, तोंडी परीक्षेला जाताना जुळवावे तसे. अण्णा ओसरीवर बसले होते, दूरदूर खुर्च्या टाकून त्यांची तीन-चार माणसे. मला पाहताच त्यांनी तोंडावर रुमाल ओढला.

"ये की पोरी. हितं नको, तितंच थांब. कसा हाय तुझा बाप?"

मी म्हणाले, "अण्णा, त्यांना दम लागतोय. सावकारांच्या तिथं खाट आहे, पण ते शपथेमुळे जात नाहीत. तुम्ही सोडवलं एवढं सांगा. फोनवर सांगितलंत तरी चालेल."

अण्णा हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, एक प्रकारचा अभिमान होता. "बघा रं. ह्याला म्हनत्यात मानूस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, ते रागाच्या भरात झालं व्हतं. त्याचं एवढं काय..." त्यांनी फोन हातात घेतलाही. तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवरचा एक माणूस म्हणाला, "अण्णा, आमचा चुलता बी घरात पडून हाय. मग आमी बी न्यावा का तिकडं?"

अण्णांनी त्या माणसाकडे पाहिले, उरलेल्यांकडे पाहिले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एका माणसाला सोडवणे म्हणजे सगळ्यांना सोडवणे, आणि ज्याच्या दारात आपली सगळी माणसे श्वास घ्यायला गेली त्याच्याविरुद्ध पुढे कोण उभे राहणार, हे गणित त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता आले. फोन त्यांनी मांडीवर ठेवला.

"तू जा घरी. मी सोलापुरात बेड बघतो. संध्याकाळपर्यंत बघतो. माझा मानूस हाय तो, सावकाराच्या दारात कशाला मरायला जाईल?"

त्यांनी बेड शोधलाच नाही, असे मी म्हणणार नाही. मी अंगणातून बाहेर पडेपर्यंत ते दोन ठिकाणी बोलले होते आणि दोन्ही वेळा त्यांचा आवाज चढला होता. आता वर्गात मुले एखाद्या बातमीत खलनायक शोधू लागली की मला ती ओसरी आठवते, आणि मी विषय बदलते.

घरी आल्यावर आप्पांनी विचारले, "काय म्हनला?"

"बेड बघतो म्हणाले."

"सोडवलं म्हनला का?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले, त्याला समाधान याखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही. शपथ खरी होती, ती घालणाऱ्यानेही ती खरी धरली होती; याचा तो आनंद असावा.

बेड मिळाला नाही. सकाळी आप्पांचे ओठ निळसर दिसू लागले. आईने चूल पेटवली नाही. तिने अंघोळ केली, ओल्या केसांनीच देव्हाऱ्यातली डबी उचलली आणि आप्पांच्या पुढ्यात बसली. आजार लागेल म्हणून मी तिला थोपवू पाहिले. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने आप्पांच्या उजव्या तळव्यावर भंडाऱ्याची चिमूट ठेवली.

"आता हे माझ्या हातावर द्या."

"काय करायलीस?"

"तुमी उचललेली आन मी उतरवून घेतली. आता ती माझी. पाळीन न्हायतर मोडीन, माझं मी बघून घेईन."

"असं असतंय व्हय... कुटं?"

"नसंल. आजपास्नं हाय."

"देव कोपंल."

"माझ्यावर कोपंल. मी त्याच्या घरची सून हाय. सुनंला ऐकून घ्यायची सवय असती."

असा विधी कुठल्या पोथीत आहे की नाही, मला माहीत नाही. आईलाही माहीत नव्हते, हे तिच्या आवाजावरून कळत होते. मग आप्पांनी हात उलटा केला आणि भंडारा तिच्या तळव्यावर पडू दिला. आईने मूठ मिटली. ती मूठ तशीच ठेवून दुसऱ्या हाताने तिने सुभाषकाकांना फोन लावला. "भावजी, गाडी आना."

मंगल कार्यालयाच्या कमानीवर अजून कुणाच्या तरी लग्नाच्या प्लास्टिकच्या माळा होत्या. सावकार लांब उभे होते; त्यांनी हात जोडले, टोमणा मारला नाही. आप्पांना नळी लावली. डॉक्टर तरुण होते, कदाचित माझ्यापेक्षा थोडेच मोठे. ते म्हणाले, "काल आणलं असतं तर..." आणि माझ्याकडे पाहून थांबले. खिडकीबाहेर उभे राहून रुग्ण पाहण्याची मुभा होती. पहिल्या दिवशी आकडा चढला. आप्पा यंत्राची हवा घेत होते, पण पाणी मात्र घरून आलेल्या बाटलीतलेच पीत. परिचारिका त्यांना म्हणाली, "मामा, हवा चालती आन पानी चालत न्हाय? पान्याला कसलं राजकारन?"

आप्पांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "पान्यालाच असतंय, बाई."

त्यांचे मी ऐकलेले हे शेवटचे वाक्य. काही दिवसांनी ते गेले. शेवटी कपाळाला भंडारा लावावा म्हणून आई डबी घेऊन गेली होती. प्लास्टिकात बांधलेल्या माणसाला आता उघडता येत नाही, असे तिला सांगण्यात आले. तिने डबी परत आणली. तिचे झाकण त्यानंतर घरात कोणी उघडले नाही.

तेराव्याच्या आत चौकात फ्लेक्स लागला. आप्पांचा फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, मोठा केल्यामुळे विस्कटलेला. वर अण्णांचा हात जोडलेला फोटो. आणि खाली अक्षरे: निष्ठावंत, अखेरपर्यंत शब्द पाळला. सावकारांच्या माणसांनीही आपल्या केंद्राच्या कामाची जी चित्रफीत काढली, तीत नळी लावलेले आप्पा क्षणभर दिसतात. दोन्ही पॅनेलांना ते पुरले. आई फ्लेक्ससमोर उभी राहिली, मी तिला अक्षरे वाचून दाखवली. ती म्हणाली, "शब्द पाळला म्हनत्यात. मोडला की मी." आणि भाजी घेऊन घरी आली.

तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली: आण मोडली म्हणून ते गेले, आणि मोडणारा हात तिचा. मी तिला विषाणू समजावून सांगितला, फुप्फुसे कागदावर काढून दाखवली, गेलेला एक दिवस म्हणजे काय ते सांगितले. ती लक्ष देऊन ऐकते. माझ्या शिक्षणाचा तिला फार अभिमान आहे. ऐकून झाल्यावर म्हणते, "व्हय, ते हायच की," आणि रविवारी देव्हाऱ्याकडे पाठ करून बसते.

त्यानंतर वर राज्यात पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले, आणि त्याची लाट गावापर्यंत आली. मागच्या मोठ्या निवडणुकीत अण्णा आणि सावकार एका गाडीत उभे राहून फिरले. दोघांनी एकमेकांना भंडारा लावला, आणि देवळात दोन्ही पॅनेलांच्या माणसांनी मिळून पुन्हा बेल उचलला. जुन्या आणेचे काय, असे कोणी विचारले नाही. विचारण्याचा अधिकार असलेला माणूस तिथे नव्हता. पुढे सुभाषकाकांच्या मुलीचे लग्न त्याच मंगल कार्यालयात झाले. काकांनी आईचे पाय धरले म्हणून ती गेली. पहिल्याच पंगतीत अण्णा बसले होते, सावकार स्वतः त्यांना आग्रह करून वाढत होते. आई कमानीबाहेर, उन्हात, खुर्ची टाकून बसली. मी पाण्याचा पेला नेला तर म्हणाली, "नको. अण्णाच्या तोंडनं सोडवलेलं न्हाय अजून." मी म्हटले, "अगं, ते स्वतःच आत जेवताहेत." ती म्हणाली, "त्यांचं त्यांनी बघावं. माझी मी घेतलेली हाय."

परतताना रिक्षात तिने मला विचारले. तोवर इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारले नव्हते.

"तू शिकलेली हायस. पोरांना खरं-खोटं शिकवतीस. मला सांग, ती आन खरी व्हती का खोटी?"

मी अजून उत्तर दिलेले नाही. आण खोटी होती म्हणावे, तर आप्पांनी तो एक दिवस, भिंतीला टेकून, दोन श्वासांत एक वाक्य तोडत, कशासाठी काढला? मग त्यांचा देव आणि त्यांचा पुढारी, दोघांनी मिळून त्यांना फुकट मारले, असे मला तिच्या तोंडावर सांगावे लागेल. आण खरी होती म्हणावे, तर ती मोडली कोणी, हे तिला विचारावे लागणार नाही; ते तिने स्वतःपुरते केव्हाच ठरवले आहे. रसायनशास्त्रात असा प्रश्न येत नाही. ती मला पुन्हा विचारत नाही. पण मी कॉलेजातून आले की चहा देताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहते. तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला काय सांगितले असते?